टर्कीवर धरलेला नेम

घरात रायफल आहे हे एकदा कॉलनीला कळलं की माणसाच्या म्हातारपणाला शांतता उरत नाही. माझी रायफल हवेवर चालणारी, छर्‍यांची. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायचं एवढंच तिचं काम. शाळेत खेळाची बाई होते तेव्हा मुलींना नेमबाजी शिकवायची म्हणून ती घेतली, आणि निवृत्त झाल्यावर ती माझ्याबरोबर घरी आली. तेव्हापासून कुणी ना कुणी दार वाजवतंच. कुणाच्या एसीवर कबुतरं बसतात, कुणाच्या पपईला माकडं लागतात, एका गृहस्थांना तर शेजारच्यांचा कुत्रा आवरून हवा होता. "नुसतं घाबरवा हो बाई, मारू नका." मी प्रत्येकाला तेच उत्तर देते. रानातल्या जीवावर नेम धरणं गुन्हा आहे, पाळलेल्या जीवावर धरणं पाप आहे, आणि कागदावर धरायचा मला आता कंटाळा आलाय. लोक हसतात आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात येतात.

त्यामुळे मागच्या घरातल्या भाभी त्या दिवशी सकाळी आल्या आणि दारातूनच "बाई, तुमची ती बंदूक चालती ना अजून?" म्हणाल्या, तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत बोलावलं.

भाई आणि भाभी माझे मागचे शेजारी. नाशिकरोडवरून एकलहऱ्याकडे जाताना आमची वस्ती लागते, अंगणात उभं राहिलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. भाई तिथेच कोळशाच्या विभागात फिटर होते. निवृत्तीनंतर लोक देवधर्म करतात, नाहीतर गुडघे चोळत बसतात. भाईंनी टर्क्या पाळल्या. घरामागच्या मोकळ्या जागेत राखेच्या विटांची उंच भिंत बांधली, तिला टेकून पत्र्याची शेड उभी केली, आणि कुठूनतरी पिल्लं आणली. डिसेंबरात नाशिकरोडची ख्रिस्ती मंडळी आणि एकदोन हॉटेलवाले टर्की शोधत फिरतात, त्यांना नेऊन द्यायची. भाभींना हा उद्योग पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. "गिधाडं पाळलीत घरात," असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. भाई तितक्याच आवाजात उत्तर द्यायचे. त्यांचं हे भांडण इतकी वर्षं रोज संध्याकाळी चालू होतं, की मी त्यावर चहाची वेळ ठरवली होती.

संध्याकाळी भाई शेडपाशी उभे राहून टर्क्यांना हाक मारायचे. गळ्यातून एक घोळवलेला आवाज काढायचे, पाण्याचा हंडा पालथा केल्यावर येतो तसा. सगळा कळप मान हलवत शेडमध्ये जायचा. त्यांच्यातला जो मोठा नर होता, तो मात्र आधी उत्तर द्यायचा आणि मग आत जायचा. दोघांची जुगलबंदीच चालायची. भाभी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या, "माझ्याशी एवढं गोड कधी बोलले नाय."

गेल्या दिवाळीच्या सुमारास भाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे पार गेलं. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून 'हं' च्या पुढे काही निघेना. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात बोलण्याचा सराव करून घेणारी एक मुलगी होती, तिच्याकडे भाभी त्यांना रिक्षातून नेत. द्वारकेच्या चौकातली ती गर्दी ओलांडून पोहोचेपर्यंतच दोघं दमून जात. ती मुलगी चित्रं दाखवायची, कप, कंगवा, किल्ली. भाई चित्राकडे पाहायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे. ज्या माणसाने आयुष्यभर कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर चार माणसांना ओरडून कामाला लावलं, त्याला 'कप' म्हण म्हणायचं. मीही मान वळवली असती.

एकदा घरी आल्यावर त्यांनी टर्क्यांना हाक मारून पाहिली. मी माझ्या गच्चीतून पाहत होते. शेडपाशी काठी टेकून उभे राहिले, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. नराने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तो दाणे टिपायला लागला. त्या दिवसापासून भाईंनी सराव सोडला. खाटेवर बसून राहायचे. त्या मुलीने भाभींना स्पष्ट सांगितलं होतं की बोलणं यायचं असेल तर याच महिन्यांत यायला लागेल, माणूस असा गप्प बसून राहिला तर पुढे कठीण आहे. भाभींनी ते मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला कुठं गोड बोलणं पायजे बाई. एकदा भांडू द्या. 'चूप बैठ' म्हणाले तरी चालंल."

हे सगळं सांगण्याचं कारण, त्या सकाळी भाभी माझ्याकडे आल्या तेव्हा मला हे ठाऊक होतं आणि म्हणून मी नेहमीचं उत्तर दिलं नाही.

झालं होतं असं की हाक मारणारं कुणी नाही म्हटल्यावर टर्क्या संध्याकाळी शेडमध्ये जाईनाशा झाल्या. मागच्या शिरीषाच्या झाडावर बसायला लागल्या. खाली कुत्री टपून असायची, दोन माद्या त्यांनी नेल्या. भाभींनी उरलेल्या माद्या एका माणसाला देऊन टाकल्या. पण नर हाताला लागेना. तो माणूस दोन वेळा जाळं घेऊन आला आणि दोन्ही वेळा ओरखडे घेऊन गेला. त्यातून या पक्ष्याची एक खोड अशी की कुठलाही मोठा आवाज झाला की तो मान लांब करून उत्तर देतो. रेल्वेचा भोंगा झाला की गुडगुडतो, अजान झाली की गुडगुडतो, मारुतीच्या देवळातली घंटा झाली की गुडगुडतो. निदान या बाबतीत तो सर्वांना सारखा होता. पण सगळ्यात जास्त तो कुकरच्या शिट्टीला चिडायचा. आमच्या वस्तीत सकाळी किती घरांत कुकर लागतात याचा विचार करा. शेजारी कंटाळले होते, मी स्वतः कंटाळले होते.

"त्याला पाडा," भाभी म्हणाल्या. "कुत्र्याच्या तोंडी जायाच्या आधी पाडा. घरचं खाऊन मोठं झालंय, घरच्या सुरीनं जाऊ दे. पण मारून नका टाकू. नुसतं पाडा. जीव असंस्तोवर सुरी फिरली पायजे, नायतर आमाला चालत नाय."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. भाभी, म्हटलं, हे शिकारी लोकांचं काम आहे आणि तेसुद्धा असल्या पक्ष्याला एकाच गोळीने पाडायला बिचकतील. शिकारीच्या बंदुकीतून मूठभर छर्रे एकदम सुटतात, पक्षी जखमी होऊन खाली येतो. रायफलचं तसं नाही. तिच्यातून एकच सुटतो. पंखात मारला तर पिसांत हरवेल आणि हा उडून कुठेतरी जाऊन कुढत मरेल. मारायचा तर डोक्यातच, आणि डोकं अक्रोडाएवढं, तेही एक क्षण स्थिर नसतं. आयुष्यभर मी मुलींना शिकवलं की श्वास सोडा, थांबा, मग चाप ओढा. कागद थांबतो. हा थांबणार आहे का?

भाभींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुकर लावते ना. शिट्टी झाली की मान लांब करून उभा राहातो. तेवढा वेळ पुरंल का?"

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन. एवढी वर्षं नेमबाजी शिकवली, पण लक्ष्य स्थिर करायला डाळ शिजवावी हे मला सुचलं नसतं. आणि हसल्यावर माणूस नाही म्हणायला कचरतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची माझी सवय जुनीच आहे.

अटी मात्र मी घातल्या. झाडावर असताना नेम धरणार नाही, छर्रा वरून कुठे जाईल सांगता येत नाही. तो सकाळी झाडावरून उतरून शेडच्या पत्र्यावर येतो, तेव्हा त्याच्या मागे ती राखेच्या विटांची भिंत असते. तिथेच. डोक्यात लागला तरी जीव थोडा वेळ फडफडतो, तेवढ्यात सुरी फिरवायची, ते काम माझं नाही. भाभी म्हणाल्या, "तुमी फक्त पाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रायफल घेऊन मागच्या दाराने गेले. खांदा नेहमीसारखा दुखत होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, नशिबाने नेमाला उजवा लागतो. भाईंची खाट अंगणात उन्हात टाकलेली होती, शेडपासून दोन पावलांवर. ते उशाला टेकून बसले होते. त्यांनी रायफलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "भाई, भाभींनी सांगितलंय." त्यांनी 'हं' केलं. त्यात होकार होता की नकार, मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी पुन्हा विचारलं नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या होता आणि धुतलेल्या फडक्यावर सुरी. भाभींनी तिला आदल्या दिवशी धार लावून आणली होती.

मी ओट्याच्या कोपऱ्यावर बसले, कोपर गुडघ्यावर टेकलं. नर पत्र्यावर येऊन उभा होता. उन्हात त्याची पिसं तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती, गळ्याखालचं लाल कातडं लोंबत होतं. इतका कुरूप आणि इतका ऐटबाज प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. रायफलच्या नेमाच्या छिद्रातून त्याचं डोकं पाहताना मला त्याचा राग आला नाही, कीवही आली नाही. फक्त हे लवकर संपावं असं वाटत होतं. सगळ्याच गोष्टींबद्दल मला हल्ली तसं वाटतं.

आतून भाभींनी विचारलं, "लावू का?"

"लावा."

गॅस पेटल्याचा आवाज आला. कुकरला वाफ धरायला वेळ लागतो, हे मला घरी कधी इतकं जाणवलं नव्हतं. भाई माझ्याकडे पाहत नव्हते, ते पत्र्याकडे पाहत होते. नर इकडून तिकडे चालत होता, त्याची नखं पत्र्यावर वाजत होती. मी श्वास सोडत होते आणि घेत होते. कुठल्याही स्पर्धेत मी एवढी वाट पाहिली नव्हती.

शिट्टी झाली. नराने मान पुढे ताणली, गळा फुगवला आणि गुडगुडायला चोच उघडली. मी थांबले, आणि चाप ओढला.

तो पत्र्यावरून घरंगळत खाली आला आणि खाटेच्या पायाशी पडला. फडफड सुरू झाली, पिसं आणि धूळ उडायला लागली. मी ओरडले, "भाभी, सुरी." आतून भाभींचा आवाज आला, "आले, आले," आणि त्याच वेळी आमची चूक माझ्या लक्षात आली. सगळं ठरवलं होतं. भिंत ठरवली, वेळ ठरवली, शिट्टी ठरवली. पण कुकर लावणारी आणि सुरी फिरवणारी बाई एकच आहे, आणि ती घराच्या दुसऱ्या टोकाला गॅसपाशी उभी आहे, गुडघेदुखीची, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पक्ष्याचे पंख मंदावत होते. मी उठले, पण उठून मी काय करणार होते? मी सुरी फिरवली असती तर त्यांना ते चाललं नसतं. तो असाच मेला असता तरी चाललं नसतं. एवढा खटाटोप करून शेवटी त्याला पुरायची वेळ येणार, असं मला वाटलं.

तेव्हा खाट करकरली. भाई खाली सरकले. डावा हात स्टुलावर गेला, तांब्या सांडला, आणि सुरी त्यांच्या हातात होती. उजवा गुडघा त्यांनी कसाबसा पक्ष्याच्या पंखावर टाकला. भाभी दारात पोहोचल्या होत्या, तिथूनच त्यांनी पाहिलं आणि धावत येऊन पक्ष्याची मान धरली.

भाईंनी सुरी टेकवली. आणि मग त्यांचा आवाज आला. घोगरा, पण पूर्ण. "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर."

एक अक्षर अडखळलं नाही. सुरी फिरली.

मी रायफल घेऊन तशीच उभी होते. पक्ष्याचे पाय दोनदा ताणले गेले आणि थांबले. आत कुकरची दुसरी शिट्टी झाली, यावेळी तिला उत्तर आलं नाही. भाभींनी मान सोडली नव्हती. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, आणि त्या भाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. मलाही तिथून नजर काढता येईना. माझे डोळे भरले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"काय म्हणालात?" भाभी म्हणाल्या. "पुना म्हणा."

भाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली. 'हं' आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा 'हं'. चेहरा लाल झाला. मग त्यांनी सुरी खाली ठेवली आणि डाव्या हाताने भाभींच्या हाताला लागलेली पिसं काढायला लागले.

मला द्वारकेच्या त्या मुलीने एकदा भाभींना सांगितलेलं आठवलं. काही शब्द माणूस विचार करून बोलतो, काही त्याच्या तोंडातून आपोआप येतात, गाणी, शिव्या, प्रार्थना, आणि असे शब्द डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतात. तेव्हा आम्ही दोघींनी ते कानामागे टाकलं होतं. जेवणाआधी यातलं 'बिस्मिल्लाह' तरी भाई रोज म्हणत असणार, मी भाभींना म्हटलं, मग कसं कळलं नाही? भाभी म्हणाल्या, "जेवताना मनात म्हटलं तरी चालतं. ओठ हलायचे, मी कुठं कान देत होते. सुरीवर नाय चालत. सुरीवर तोंडानं म्हणावं लागतं."

मी त्यांना उठायला हात दिला. त्या उठल्या नाहीत. भाई दमून खाटेच्या लाकडाला टेकले होते, डोळे मिटून. कुकर आत शिट्ट्या देत होता, डाळ करपणार हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"बाई," भाभी म्हणाल्या, "कोपऱ्यावरचा कोंबडीवाला किती वाजता उघडतो?"

"आता कशाला? एवढी मोठी टर्की आहे."

"शिजवायला नाय हो." त्यांनी भाईंच्या कपाळावरची धूळ मनगटाने पुसली. "उद्या एक जिवंत कोंबडं आणते. परवा एक आणते. रोज आणते."